दुसऱ्या शनिवारची वही

आधी तारखा, मग माणसे, आणि त्यानंतर प्रवास.

१४ मे २००१ : नाशिक शहरातील एका विद्यालयाच्या सभागृहात ग्रामीण शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी दहा दिवसांचे प्रशिक्षण सुरू झाले.

२४ मे २००१ : समारोप झाला. व्यासपीठावरून आश्वासन देण्यात आले की जुलैपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक मार्गदर्शक प्रत्येक शाळेत येईल, मुख्याध्यापकाच्या शेजारी बसेल आणि त्याची अडचण सोडवायला मदत करील. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. हारतुऱ्यांना वाजवल्या होत्या त्याहून जास्त वेळ.

१४ जुलै २००१ : पहिला दुसरा शनिवार. कोणीही कोठेही गेले नाही.

१२ ऑक्टोबर २००२ : सुरगाणा तालुक्यातील एका शाळेत शिक्षकांची सभा झाली. या सभेत जे घडले त्यासाठी हा सारा लेख आहे.

१३ डिसेंबर २००३ : त्या शाळेला पहिली भेट.

आता जबाबदार व्यक्ती. पहिले, ते अधिकारी ज्यांनी भेटींचा प्रस्ताव ‘विचाराधीन’ ठेवला आणि विचार न करता बदलून गेले. दुसरे, आमच्या शिक्षणप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी भेटींचा विषय मागे टाकून पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षण घेतले, कारण प्रशिक्षणाला उद्घाटन असते, भेटीला नसते. तिसरे, पुण्याहून आलेले ते तज्ज्ञ. त्यांनी प्रत्येकाच्या वहीत स्वहस्ते पत्ता लिहून दिला, ‘केव्हाही लिहा’ असे सांगितले आणि एकाही पत्राला उत्तर दिले नाही. मी नावे छापत नाही. ज्याला त्याला आपली ओळख पटेल, आणि जावक क्रमांक माझ्याजवळ आहेत. चौथी व्यक्तीही आहे. तिचा उल्लेख जेथे ती मला भेटली तेथे करीन.

माझ्याविषयी एवढेच की मी नाशिकच्या न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मंडळाचा चिटणीस आहे. प्रशिक्षणाचे सर्व कागद मी तयार केले. मुख्याध्यापक मला ‘चिटणीससाहेब’ म्हणत. ज्या प्रदेशाविषयी मी अडीच वर्षे पत्रे लिहीत होतो, तो मी पाहिलेला नव्हता. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो.

गुरुवार, ११ डिसेंबर : नाशिक

जाण्याचे श्रेय माझे नाही. ते नांदगावच्या साळवेबाईंचे आहे. बाई एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. प्रशिक्षणात सर्वांत मागे बसत आणि सर्वांत अवघड प्रश्न विचारत. बुधवारी सायंकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करता त्या म्हणाल्या, “साहेब, भोयेसरांनी मुख्याध्यापकपद सोडायचा अर्ज दिलाय. पुन्हा साधा शिक्षक करा म्हणून. तुम्हाला माहीत आहे का?”

मला माहीत नव्हते. भोयेसर म्हणजे सोमनाथ भोये, सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या शेतकरी घरातला चाळिशीचा माणूस. दहाही दिवस पहिल्या बाकावर बसलेला, आणि समारोपात ‘आता मी एकटा नाही’ एवढेच वाक्य बोलून खाली उतरलेला. मी बाईंना म्हणालो की उद्याच संबंधित कार्यालयाला सविस्तर पत्र लिहितो.

“पत्र नका लिहू, साहेब. जा. तुमच्या पत्राला उत्तर येईस्तोवर तो माणूस रिटायर होईल.”

आम्हा शहरातल्या लोकांना वर्मी लागलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लागते. ती लागली. मी नेहमीप्रमाणे पत्राचा मसुदा करायला बसलो, ‘महोदय’ लिहिले आणि कागद बाजूला ठेवला. माझ्या घराजवळ द्वारकेच्या चौकात उभे राहिले की चारही दिशांच्या गाड्या दिसतात. अडीच वर्षांत त्यातली एकही सुरगाण्याकडे जाणारी म्हणून मी पाहिली नव्हती. बायकोने डब्यात दशम्या दिल्या. मी पिशवीत धोतरापेक्षा फायली जास्त भरल्या. भेटींच्या परवानगीसाठी मी लिहिलेली सर्व पत्रे आणि आलेली दोन उत्तरे त्यात होती. भोयेसरांना ती दाखवायची, आम्ही स्वस्थ बसलो नव्हतो हे पटवून द्यायचे आणि अर्ज मागे घ्यायला लावायचा, हा माझा बेत होता.

शुक्रवार, १२ डिसेंबर : डोंगराकडे

दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. बागांच्या कडेला काळ्या प्लॅस्टिकची पाले होती आणि पालांपुढे तीन दगडांच्या चुली. ही डोंगरातून कामाला उतरलेली कुटुंबे, असे शेजारच्या प्रवाशाने सांगितले. भोयेसरांच्या पहिल्याच पत्रात यांचा उल्लेख होता: दिवाळीनंतर अर्धी मुले आईबापांबरोबर जातात, होळीला परत येतात, तेव्हा त्यांचे काय करावे. त्या पत्रावर मी ‘पाहिले’ असे लिहून सही केली होती. प्रत्यक्ष पाहिले ते आज.

वणी मागे पडली, घाट लागला आणि गाडीतली भाषा बदलली. आपल्याकडे गाडीत अनोळखी माणसाला कोणी काही विचारत नाही. येथे मला तिघांनी विचारले की कोणाकडे जाता आणि का. मी ‘शाळेच्या कामाने’ म्हणालो तेव्हा एका म्हाताऱ्याने मला सरकून जास्त जागा दिली. भात कापून झालेला होता. खाचरांमध्ये धसकटे उभी होती आणि उतारांवर नागलीच्या कणसांचे ढीग. हवा इतकी स्वच्छ होती की दूरच्या डोंगरावरची पायवाट चष्म्याशिवाय दिसली.

सुरगाण्याहून काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसलो. शाळेच्या गावाचे नाव बदलून मी येथे खैरमाळ असे लिहितो. चालकाने मला एका फाट्यावर उतरवले आणि ‘हे काय, इथंच’ म्हणून निघून गेला. इथे म्हणजे कोठे, हे विचारायला एकही माणूस नव्हता. फायलींची पिशवी घेऊन मी तासभर चुकीच्या उतारावर गेलो, ओढ्यात एक पाय बुडवला आणि चप्पल हातात घेऊन परत फाट्यावर आलो, तेव्हा डोक्यावर अंथरुणाचे बोचके घेतलेली एक बाई मागच्या जीपमधून उतरत होती. ती दिंडोरीच्या बागेतून दोन दिवसांसाठी घरी निघाली होती, मुलीला पाहायला.

तिने माझ्या पिशवीकडे पाहिले, ती मागितली आणि बोचक्यावर ठेवली. मी संकोचलो तर म्हणाली, “कागुदच हाय ना? हलकं हाय.”

चालताना तिने विचारले, “तपासनीला आले का बाबा?”

मी नाही म्हणालो.

“मंग भोये सरला न्यायला? सर जानार म्हनत्यात. लय वंगाळ झालं. माझी पोरगी सासूजवळ ठिवली ती त्याच सरच्या सांगन्यावरून. आन् सांजचं पगारे गुरुजी घरी बसवत्यात. दोघं मास्तर चांगले, पन बोलत नायत एकमेकासंगं.”

का बोलत नाहीत, असे मी विचारले. तिने पिशवी सावरली. “नाशिकवरून कायतरी कागुद आला व्हता म्हनत्यात. त्याच्यावरून.”

तो कागद कोणता असेल याचा मी पुढचा अर्धा कोस विचार करीत होतो. शाळा दिसेपर्यंत माझ्या मनात अधिकाऱ्याचे एखादे निर्दय परिपत्रक आकाराला आले होते, आणि मी त्याला द्यायच्या उत्तराचा पहिला परिच्छेदही तयार केला होता.

त्याच दिवशी, दुपारी : खैरमाळची शाळा

कौलारू चार खोल्या, मधोमध पटांगण, कडेला नीट लावलेली गवती चहाची बेटे. भोयेसर वर्गातून बाहेर आले. दोन वर्षांत त्यांचे केस पिकले होते. त्यांनी मला ओळखले, पण आश्चर्य दाखवले नाही. आधी पाय धुवायला पाणी दिले, मग प्यायला. आपल्याकडे आधी कामाचे विचारतात आणि मग पाण्याचे. त्यांनी कामाचे विचारलेच नाही. गवती चहा घातलेला कोरा चहा झाला आणि मीच पिशवी उघडली.

मी त्यांना माझी पत्रे दाखवू लागलो. प्रत्येकाचा दिनांक, विषय, संदर्भ. शाळेत बाहेरच्या व्यक्तीने अधिकृत भेट द्यायची तर लेखी परवानगी हवी, ती नसताना काही आक्षेप निघाला तर मुख्याध्यापकच अडचणीत येईल, म्हणून मंडळाच्या सभेत मीच हा मुद्दा मांडला होता आणि परवानगी येईपर्यंत कोणीही जाऊ नये असा ठराव लिहिला होता, हे मी समजावून सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग उठून त्यांनी कपाटातून दोन गोष्टी आणल्या.

पहिली, त्यांनीच मला पाठवलेल्या पत्राची स्थळप्रत, ऑगस्ट २००१ ची. ‘शाळेच्या शिक्षकसभेस पाहुणे म्हणून उपस्थित राहावे’, असे निमंत्रण होते. खाली माझे उत्तर टाचलेले: परवानगी प्राप्त होताच कळविण्यात येईल.

“साहेब,” ते हळू म्हणाले, “‘मुख्याध्यापकाचे अधिकार’ हे व्याख्यान तुमचं होतं. सभेला पाहुणा बोलवायला कोणाची परवानगी लागत नाही, असं तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. मी ते उतरवून घेतलं होतं.”

मी माझी पत्रे पिशवीत परत ठेवली.

दुसरी गोष्ट एक जाड वही होती. खाकी पुठ्ठा, वर सुंदर अक्षरात ‘भेटवही’. पहिल्या पानावर आखलेले रकाने: दिनांक, मार्गदर्शकाचे नाव, येण्याची वेळ, चर्चेचा विषय, पुढील भेटीपर्यंत करावयाच्या गोष्टी. त्याखाली पहिली नोंद, १४ जुलै २००१: ‘शाळा सुटल्यावर सर्व शिक्षक दोन वाजेपर्यंत थांबले. मार्गदर्शक आले नाहीत.’ खाली सहा शिक्षकांच्या सह्या. ऑगस्ट, तसेच. सप्टेंबर, तसेच. सुट्ट्यांचे महिने वगळून प्रत्येक दुसऱ्या शनिवारची नोंद होती. मी पाने उलटत राहिलो. अक्षर तेच राहिले. वेळ मात्र दोन वाजल्याची दीड झाली, मग एक. गेल्या वर्षभरात ‘मार्गदर्शक आले नाहीत’ हे तीन शब्दही लिहिलेले नव्हते. तारीख, आणि खाली सह्या.

हे का चालू ठेवले, असे मी विचारले.

“ठरलं होतं ना,” ते म्हणाले. “आणि उद्या दुसरा शनिवार आहे.”

मला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या शनिवारी कार्यालये बंद असतात एवढाच त्या दिवसाचा अर्थ मी आजवर जाणत होतो.

मी विचारले की अर्ज मागे घेता येईल का. त्यांनी आदेश दाखवला. अर्ज मंजूर झालेला होता. सोमवारी ते कार्यमुक्त होऊन तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू होणार होते. परवानगीच्या माझ्या मागणीवर अडीच वर्षांत निर्णय न देणाऱ्या व्यवस्थेने त्यांचा अर्ज दोन महिन्यांत निकाली काढला होता.

मग मी तो कागद मागितला, नाशिकवरून आलेला. त्यांना क्षणभर समजले नाही. मग त्यांनी एक फाईल उघडून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः पटांगणात मुलांची रांग लावायला निघून गेले. मला वाटते, ते मुद्दाम गेले.

कागद माझा होता.

‘वर्गनिरीक्षण नमुना’, एक पान, सायक्लोस्टाईल. मुख्याध्यापकाने सहकाऱ्याच्या वर्गात बसून काय पाहावे हे प्रशिक्षणात शिकवले गेले होते, आणि ते कागदावर उतरवण्याचे काम मी घेतले होते. मी ते मला येते तसे केले. निरीक्षणाचा दिनांक, वेळ, वर्ग, पाठ. आढळलेल्या बाबी, क्रमवार. मुख्याध्यापकाची सही, शिक्षकाची सही. शेवटी सूचना पाच ओळींत, त्यातली चौथी: ‘नोंदी शिक्षकसभेसमोर वाचून कायम कराव्यात.’ सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात तसे. मला ती पद्धत नेटकी वाटली होती. समारोपात तिचे कौतुकही झाले होते.

मार्गदर्शक पहिल्या वेळी शेजारी बसणार, म्हणून भोयेसर पंधरा महिने थांबले. कोणी आले नाही तेव्हा त्यांनी एकट्याने सुरुवात केली, आणि सर्वांत ज्येष्ठ शिक्षकांपासून, म्हणजे लहानांना भीती वाटणार नाही. ते ज्येष्ठ शिक्षक पगारे गुरुजी. इतरांनी पदोन्नती मागितली तेव्हा त्यांनी ती नाकारली होती, कारण चौथीचा वर्ग सोडायचा नव्हता. आणि सोमनाथ भोये लहानपणी दुसऱ्या एका गावच्या शाळेत याच गुरुजींच्या हाताखाली पहिली ते चौथी शिकले होते.

नमुना भरलेला होता. तिसरी बाब: ‘मागील रांगेतील विद्यार्थ्यांना संपूर्ण तासात एकही प्रश्न विचारला गेला नाही.’ खाली १२ ऑक्टोबरच्या सभेत वाचून कायम केल्याची नोंद. पगारे गुरुजींची सही, वळणदार, एकही थरथर नसलेली.

नमुन्यामागे पत्रव्यवहार होता. त्या दिवसापासून गुरुजी मुख्याध्यापकांशी केवळ लेखी बोलत होते. ‘मा. मुख्याध्यापक महोदय, चौथीच्या वर्गातील फळ्यास काळा रंग देण्याबाबत.’ ‘किरकोळ रजा एक दिवस मिळणेबाबत.’ ‘आपल्या दि. ७ च्या सूचनेनुसार कळवितो की मुलांना रांगेत नेले होते.’ आणि भोयेसरांची उत्तरे, तितकीच शुद्ध. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसणारी दोन माणसे चौदा महिने आवक-जावक क्रमांक टाकून एकमेकांशी बोलत होती. मी आयुष्यभर पत्रव्यवहार वाचला आहे. इतका निर्दोष पत्रव्यवहार मी वाचलेला नाही, आणि मला पुन्हा वाचायचाही नाही.

इतर शिक्षकांनी नमुन्याला नाव दिले होते. पुढच्या निरीक्षणाला भोयेसर वर्गात शिरले की मागून कुजबुज होई, पंचनामा आला. तीन वर्गांनंतर त्यांनी निरीक्षण थांबवले, मग सभेत बोलणे, आणि शेवटी अर्ज लिहिला.

सायंकाळ : भोयेसरांचे घर

भोयेसरांच्या आईने नागलीच्या भाकरी, उडदाचे घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी वाढली. आमच्याकडे जेवताना पाहुण्याला आग्रह करतात. येथे भाकर संपली की न विचारता दुसरी येते आणि त्यावर बोलणे होत नाही. जेवताना कोणीच फारसे बोलत नाही. मला तो शांतपणा सोसवेना. मी विचारले की तुम्ही नमुना गुरुजींना एकट्याला का नाही दाखवला.

भोयेसरांनी हातातला घास खाली ठेवला. “चौथी सूचना होती, साहेब. मला वाटलं, तुम्ही कायद्याचे माणूस. विचार करूनच लिहिली असेल.”

त्यांची आई आमच्याकडे पाहत होती. मला ती भाकर संपवता आली नाही, आणि तिने तिसरी वाढली नाही.

शनिवार, १३ डिसेंबर : दुसरा शनिवार

सकाळची शाळा. मी चौथीच्या वर्गात बसण्याची परवानगी मागितली. या वेळी तोंडी, आणि पगारे गुरुजींकडे. त्यांनी मान हलवली. उंच, सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने. त्यांनी पुढच्या रांगांना भरपूर प्रश्न विचारले आणि मागच्या रांगेला एकही नाही. भोयेसरांची नोंद खरी होती.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेलो. एकच खोली, भिंतीवर बुद्धाची लहान तसबीर, शेजारच्या भिंतीला काळा रंग देऊन केलेला फळा. खाली पोत्यांवर पाच मुले बसलेली. कालच्या बाईची मुलगी त्यात होती. चेहरे मी सकाळीच पाहिले होते: मागची रांग.

“बसा,” गुरुजी म्हणाले. “परवानगी आली का मग?”

“नाही.”

“मग आलात कसे?”

“एसटीने.”

ते किंचित हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हते. मुलांना त्यांनी पाढे लिहायला दिले आणि आम्ही दारात बसलो. मी सांगितले की तो नमुना मी लिहिला. मी पस्तीस वर्षे न्यायालयात काढली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय एक ओळही कोणाविरुद्ध कायम होत नाही, हे मी त्या इमारतीत रोज पाहिले. आणि शिक्षकाचा खुलासा लिहायला त्या पानावर मी रकानाच ठेवला नाही.

“जागा नव्हती?”

“पान एकच करायचं होतं.”

“होती जागा. खाली सूचना पाच ओळी लिहिल्यात तुम्ही.”

तेच पुढे बोलले, मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात.

“होळीला बागेतून परत आलेली पोरं ही. वर्गात विचारलं की उभी राहतात, येत नाही, बाकीची हसतात, दुसऱ्या दिवशी येत नाहीत. म्हणून मी तिथं विचारत नाही. इथं विचारतो. सोमनाथनं लिहिलं ते खोटं नाही. का विचारत नाही, एवढं त्यानं मला विचारायचं होतं. मी म्हणालो असतो, ये संध्याकाळी, बघ. सभेत तो वाचायला उभा राहिला ना, तेव्हा आधी मनात आलं, उच्चार किती स्वच्छ आहेत याचे. मीच बाराखडी शिकवलेली. मग वाक्य काय आहे ते कळलं.”

मी म्हणालो की दोष माझा आहे, त्यांचा राग माझ्यावर असावा.

“तुमच्यावर कशाला? तुम्हाला मी ओळखतपण नाही.” मग त्यांनी विचारले, “तुमचा तो मार्गदर्शक त्या पहिल्या जुलैत आला असता, तर काय केलं असतं त्यानं?”

मी विचार करून सांगितले, की कोणताही अनुभवी मार्गदर्शक आधी नमुना बाजूला ठेवायला सांगेल, आणि म्हणेल, वर्ग पाहिल्यावर शिक्षकाबरोबर चहा घ्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

मी विचारले, भोयेसरांना घेऊन येऊ का. ते म्हणाले, सोमवारी तो जाणार, आता काय उपयोग. मी उठलो नाही. शेवटी ते म्हणाले, “आणा. पण कागद नको आणू म्हणावं.”

भोयेसर आले ते दारातच थांबले. गुरुजी म्हणाले, “बस.” खोलीत जागा एकच होती, पोत्याच्या टोकाला, मुलांच्या मागे. भोयेसर तेथे मांडी घालून बसले. गुरुजींनी खडू उचलला, फळ्यावर बेरीज मांडली आणि उत्तर विचारले. त्यांना नव्हे, त्यांच्या शेजारच्या मुलीला. तिने चुकीचे सांगितले. कोणी हसले नाही. तिने पुन्हा सांगितले.

मी बाहेर आलो. चहा झाला तेव्हा मला बोलावले. ते दोघे काय बोलले ते मी विचारले नाही. आदेश मात्र आदेशच राहिला. सोमवारपासून शाळेचा कार्यभार अशा दुसऱ्या एका शिक्षकाकडे जाणार होता ज्याला तो नको होता आणि ज्याने तसे लेखी कळवले होते. निघताना गुरुजी एवढेच म्हणाले, “चांगला मुख्याध्यापक झाला असता. होता होता राहिला.”

आम्ही तिघे शाळेत परत आलो, इतर शिक्षक थांबलेले होतेच, आणि भोयेसरांनी भेटवही माझ्यापुढे ठेवली. पाच रकाने. दिनांक लिहिला. मार्गदर्शकाचे नाव या रकान्यात मला माझे नाव लिहावेना. मी कोणाला काय मार्गदर्शन केले होते? मी तो मोकळा सोडला. येण्याची वेळ या रकान्यात लिहिले: ‘दोन वर्षे पाच महिने उशिरा.’ चर्चेचा विषय: ‘खुलासा.’ शेवटच्या रकान्यात काय लिहावे ते सुचले नाही. सहा शिक्षकांनी खाली सह्या केल्या. भोयेसर आणि पगारे गुरुजी यांच्या सह्या शेजारी शेजारी आल्या. त्या नेहमीच तशा येत होत्या, ज्येष्ठतेप्रमाणे, हे मला मागची पाने पाहून कळले.

रविवार, १४ डिसेंबर : परत

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. दिंडोरीच्या बागांपाशी पाले तशीच होती. एक गोष्ट मात्र नोंदवतो. या चार दिवसांत मी एका शाळेत गेलो, वर्ग पाहिला आणि वहीत लिहिले. मला कोणी अडवले नाही, ओळखपत्र मागितले नाही, परवानगी विचारली ती एका शिक्षकाने, थट्टेत. ज्या दारासाठी मी अडीच वर्षे किल्ली मागत होतो त्याला कुलूप नव्हते.

तेव्हा चौथी व्यक्ती मी. क्रमाने मी स्वतःला चौथे लिहिले, ते सवयीने. वजनाने पाहिले तर क्रम कदाचित उलटा होईल.

म्हणून ही जाहीर मागणी. अधिकारी, अध्यक्ष, तज्ज्ञ आणि चिटणीस या चौघांनी, ज्या सभागृहात आश्वासन दिले त्याच सभागृहात, त्याच मुख्याध्यापकांसमोर यावे. साळवेबाई प्रश्न विचारतील; त्यांनी होकार दिला आहे. भोयेसर आणि पगारे गुरुजी पहिल्या बाकावर बसतील, आणि त्यांना वाटले तर तेही विचारतील. प्रश्न एकच आहे: ‘तुम्ही येतो म्हणालात, तर का आला नाहीत?’ पहिले उत्तर मी देईन. तारीख बाकीच्या तिघांनी ठरवावी, फक्त ती दुसऱ्या शनिवारची असावी; त्या दिवशी कार्यालये बंद असतात आणि मुख्याध्यापक थांबलेले असतात.

उत्तर टपालाने पाठवू नये. मी ते उघडणार नाही. समोर यावे, उभे राहावे आणि सर्वांच्या देखत तोंडी सांगावे.